पोवळ्यांचे बेट आणि पाण्यावर तरंगणारा पाहुणा

मालदीवच्या एखाद्या विलासी विश्रामबेटावर पाऊल ठेवणाऱ्या प्रवाशासाठी जी सामग्री तेथे मांडून ठेवलेली असते, म्हणजे नारळीच्या दाटीत दडविलेल्या कुट्या, खांबांवर उभारून थेट पाण्यावर नेलेले निवास आणि हाक मारण्यापूर्वीच हजर होणारा सेवकवर्ग, ती सारी द्रव्याच्या बळावर निर्माण झालेली असल्यामुळे द्रव्याच्याच बळावर अन्यत्रही निर्माण करता येते. परंतु त्याच पुळणीवरून पाण्यात उतरून थोडे पुढे गेल्यावर, जेथे तळाची पांढरी वाळू संपून प्रवाळांची वस्ती सुरू होते आणि मग तीही एकाएकी खोल निळाईत उतरत जाते, तेथे जे आहे ते कोणत्याही कोट्यधीशास कारागीर लावून बांधून घेता येणार नाही. बेटाचे खरे ऐश्वर्य ते आहे. ते पाहण्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे काचेचा एक मास्क, हातभर लांबीची एक नळी आणि पायांत घालावयाच्या रबरी फिनची एक जोडी, एवढेच असल्यामुळे, ज्या स्थळी प्रत्येक गोष्टीची किंमत सामान्य माणसाचा जीव दडपून टाकणारी असते, त्या स्थळी सर्वांत मोलाची गोष्ट जवळजवळ फुकट मिळते, हे प्रवाशाने प्रथम ध्यानात घ्यावे.

मालदीवमध्ये आधुनिक पर्यटनाचा आरंभ १९७२ साली झाला. माले या राजधानीजवळच्या विहामनाफुशी नावाच्या निर्जन बेटावर ‘कुरुम्बा’ हे पहिले विश्रामस्थान त्या वर्षी उघडले, आणि पुढे या व्यवसायाचा विस्तार होत असता जी वहिवाट रूढ झाली ती अशी की, मनुष्यवस्ती नसलेले एकेक बेट सरकारने एकेका चालकास भाडेपट्ट्याने द्यावे, त्या बेटावर एकच हॉटेल असावे आणि वीज, गोडे पाणी, सांडपाणी यांचा बंदोबस्त त्याने स्वतःच करावा. या वहिवाटीचा एक परिणाम असा झाला की प्रत्येक हॉटेलाच्या वाट्यास स्वतःची अशी एक प्रवाळभित्ती आली, जिला तेथील लोक ‘हाउस रीफ’ म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या केर्न्स बंदरातून तेथील जगद्विख्यात भित्तीच्या बाहेरच्या कडेला पोहोचावयाचे तर यांत्रिक बोटीतून तास-दीड तास प्रवास करावा लागतो; येथे मात्र मनुष्य सकाळी उठून न्याहारीपूर्वी आपल्या पायांनी पाण्यात शिरतो आणि थोड्याच वेळात प्रवाळांवर तरंगू लागतो. किनाऱ्यावरून केलेल्या स्नॉर्केलिंगचे सुख याच सान्निध्यात आहे. कारण एकच भित्ती पहाटे, दुपारी आणि मावळतीला, भरतीत आणि ओहोटीत, पुनःपुन्हा पाहिल्यावाचून तिची ओळख होत नाही.

हे बेट आणि ही भित्ती अशी खेटून का असावीत, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्रीय वाचकास आपल्या डोंगरांपासूनच आरंभ करता येतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातील ज्या तप्त स्रोतातून लाव्हाचे थरांवर थर बाहेर पडून सह्याद्रीचा आणि अवघ्या दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण घडला, तो स्रोत आज हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील रियुनियन बेटाखाली आहे, असे भूवैज्ञानिक मानतात. भारताला वाहून नेणारे भूकवच उत्तरेकडे सरकत राहिले, स्रोत त्या मानाने फारसा हलला नाही, आणि त्यामुळे त्याच्यावरून सरकत गेलेल्या सागरतळावर ज्वालामुखींची एक लांबच लांब रांग उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस या द्वीपसमूहांचा पाया त्या रांगेवर उभा आहे. १९८७ साली मालदीवजवळ सागरतळाला भोक पाडून जो बेसाल्ट वर काढण्यात आला, त्याचे वय सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षे निघाले. रायगडाच्या कड्याचा कातळ आणि मालदीवच्या शुभ्र पुळणीखाली दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर गाडला गेलेला कातळ यांचे कूळ एकच आहे, ही जाणीव मनात ठेवून जो पाण्यात उतरेल, त्याला त्या परक्या समुद्रातही परकेपणा वाटणार नाही.

गाडल्या गेलेल्या त्या पाषाणावर पोवळ्यांचे राज्य कसे उभे राहिले, याचा उलगडा करणाऱ्या विचारात मुंबईचाही वाटा आहे. १८३४ ते १८३६ या काळात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई येथील नाविक दलातील कॅप्टन रॉबर्ट मोर्सबी याने, रोगराई आणि खडकांची भीती पत्करून, मालदीव द्वीपसमूहाची पहिली तपशीलवार मोजणी केली, आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेथील रहिवाशांविषयी लिहिलेला वृत्तांत मुंबईच्या भौगोलिक मंडळाने प्रसिद्ध केला. त्याच मोजणीचा आधार घेऊन चार्ल्स डार्विनने १८४२ साली प्रवाळभित्तींवरील आपला ग्रंथ लिहिला. त्याचे प्रतिपादन असे होते की, ज्वालामुखी पर्वताच्या कडेने उथळ पाण्यात प्रवाळ वाढतात, पर्वत कालांतराने खचत जातो, प्रवाळ मात्र प्रकाशाच्या ओढीने तितक्याच चिकाटीने वर चढत राहतात, आणि शेवटी पर्वत पूर्णपणे पाण्याखाली जाऊन त्याच्या कडेच्या भित्तीचे वलय तेवढे मागे उरते. पुढे ११० वर्षांनी, १९५२ साली, प्रशांत महासागरातील एनिवेटोक येथे खोल छिद्र पाडल्यावर प्रवाळजन्य चुनखडीच्या तळाशी खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला. मालदीवच्या वलयांना आजचा आकार येण्यात हिमयुगांमधील समुद्रपातळीच्या चढउतारांचाही मोठा हात होता, अशी भर अलीकडच्या संशोधनाने त्या सिद्धान्तात घातली आहे.

अशा वलयांवर सुमारे १,२०० बेटे आहेत, आणि त्यांपैकी एकाही बेटावर डोंगर नाही, नदी नाही, पाषाणही नाही. त्यांची जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटरच्या आसपास उंच असून ती सर्वस्वी वाळूची आणि प्रवाळांच्या चुऱ्याची बनलेली आहे. ही वाळू नद्यांनी आणलेली नसून भित्तीवर राहणाऱ्या जीवांनी निर्माण केलेली आहे, आणि तिच्या निर्मितीत सर्वांत मोठा अधिकार पोपटमाशाचा आहे. पोपटाच्या चोचीसारखे जुळलेले दात असलेला हा हिरवा-निळा-गुलाबी मासा मेलेल्या प्रवाळाचा पृष्ठभाग त्यावरच्या सूक्ष्म शेवाळासाठी खरवडतो. त्याच्या घशात दातांची दुसरी एक जोडी असून ती जात्याप्रमाणे त्या चुनखडीचे पीठ करते, आणि अन्नांश शोषून घेतल्यावर उरलेली स्वच्छ शुभ्र वाळू तो पाण्यात सोडून देतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मालदीवच्या वक्कारू बेटाभोवतीच्या भित्तीवर नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांची असल्याचे आढळले. उरलेल्या वाळूपैकी बराचसा भाग हॅलिमेडा नावाच्या चुनखडीयुक्त शेवाळाचा होता. नळी तोंडात धरून पाण्यावर निश्चल पडून राहिलेल्या माणसास त्या खरवडण्याचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि ज्या पुळणीवर त्याने नुकतीच आपली पावले उमटविली ती पुळण आपल्या कानांदेखत घडत आहे, हे त्याला कळते.

भित्तीचे बेटावरील उपकार एवढ्यावरच थांबत नाहीत. जगातील अनेक भित्तींवर केलेल्या मोजमापांचा एकत्र विचार करून २०१४ साली संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की, उघड्या समुद्रावरून येणाऱ्या लाटांची सरासरी ९७ टक्के शक्ती प्रवाळभित्ती स्वतःच्या अंगावर झेलते. म्हणजे बेट घडविणारी तीच, त्याला वाळू पुरविणारी तीच आणि त्याचे रक्षण करणारीही तीच. आणि म्हणून भित्तीकडे हॉटेलाने पाहुण्यांसाठी राखलेला एखादा रंगीत देखावा म्हणून पाहणे, ही कार्यालाच कारण समजण्यासारखी चूक होय. हॉटेल बेटावर आहे, बेट भित्तीवर आहे.

आता प्रत्यक्ष साधनांचा विचार करू. मनुष्याचा डोळा हवेत पाहण्यासाठी घडलेला आहे. बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची प्रकाश वळविण्याची शक्ती हवेच्या संगतीतच कामास येते, आणि पाण्याचा स्पर्श होताच ती जवळजवळ नाहीशी होऊन सारे अंधूक दिसू लागते. मास्क डोळ्यांपुढे हवेचा एक कप्पा राखतो, आणि त्या काचेतून पाण्यातील वस्तू प्रत्यक्षाहून सुमारे एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठ्या दिसतात. किनाऱ्यावर परतलेल्या नवशिक्याने सांगितलेल्या माशाच्या लांबीतून तेवढी वजाबाकी अवश्य करावी. मास्क निवडताना तो पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलकेच श्वास आत ओढावा. हात सोडूनही तो चिकटून राहिला तर आपल्या चेहऱ्यास बसला असे समजावे. दाट मिशा असणाऱ्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपते, त्यांनी थोडे तूपवजा व्हॅसलीन लावल्यास तो त्रास कमी होतो. काचेवर वाफ धरू नये म्हणून तिला आतून लाळ चोळून समुद्राच्या पाण्यात विसळण्याचा पाणबुड्यांचा जुना दस्तुर आजही सर्वांत भरवशाचा आहे.

नळीतून श्वास घेण्याची युक्ती पुरातन आहे. हत्तीच्या सोंडेचे वर्णन करताना ॲरिस्टॉटलने पाणबुडे श्वासासाठी वापरीत असलेल्या साधनाची उपमा दिली आहे, त्यावरून ती ग्रीकांना अवगत होती हे उघड दिसते. नळी अधिक लांब केली तर अधिक खोलवर राहून श्वास घेता येईल, असे प्रथमदर्शनी वाटते खरे. परंतु एक मीटर खोलीवर छातीच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे १०० ग्रॅम जादा दाब पडतो, आणि सबंध छातीवर त्याची बेरीज इतकी होते की फासळ्यांच्या स्नायूंना ती छाती फुगविणे अशक्यप्राय होते. शिवाय नळी जितकी लांब तितकी तिच्यात उच्छ्वासाची शिळी हवा अधिक राहते आणि तीच पुन्हा फुप्फुसांत जाते. म्हणून नळी साधारणतः ४० सेंटीमीटरांच्या आत ठेवतात, आणि म्हणूनच श्वास उथळ व घाईचा न घेता दीर्घ व संथ घ्यावयाचा असतो. नळीत पाणी शिरले तर घाबरून मान वर काढण्याऐवजी एक जोराची फुंकर मारून ते बाहेर उडवावे. एवढी एक गोष्ट कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पक्की केली की भीतीचा मोठा हिस्सा तेथेच निकालात निघतो. फिनांचा वापर गुडघ्यातून सायकल मारल्यासारखा न करता मांडीपासून सावकाश करावा. आणि त्या घालून पाण्यात शिरताना उलट्या पावलांनी चालावे, म्हणजे माणूस तोंडघशी पडत नाही. पोहता न येणाऱ्यानेही हे सुख सर्वस्वी वर्ज्य मानू नये. तरंगते जाकीट अंगात घालून, प्रशिक्षकाच्या सोबतीने, शांत व उथळ जागी त्याला हे दर्शन घडू शकते. मात्र हृदयाचा वा श्वसनाचा विकार असलेल्या मनुष्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हा उद्योग करू नये, कारण पाणी शांत दिसत असले तरी शरीराला होणारे श्रम खरे असतात.

साधनांहून महत्त्वाचे आहेत ते समुद्राचे कायदे. मालदीवमध्ये भरती-ओहोटीतील अंतर जेमतेम एक मीटरच्या घरात असते. परंतु भित्तीचा माथाच इतका उथळ असतो की ओहोटीच्या वेळी त्यावरून जाऊ पाहणाऱ्याचे पोट प्रवाळांना घासते आणि दोघांनाही इजा होते. यासाठी बहुतेक बेटांवर भित्तीत ये-जा करण्याच्या वाटा राखलेल्या असून त्या दोरखंडांनी वा खांबांनी दाखविलेल्या असतात, आणि पाणबुड्यांच्या केंद्राच्या फलकावर त्या दिवशीच्या भरतीची वेळ व प्रवाहाची दिशा लिहिलेली असते. तो फलक वाचल्याशिवाय पाण्यात उतरणे ही बेपर्वाई होय. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह बळावतात, आणि दोन भित्तींमधील ज्या खोल खिंडींना मालदीवी लोक ‘कंदू’ म्हणतात त्यांतून तर ते नदीच्या वेगाने वाहतात. अनुभवी माणूस आरंभी, अंगात ताकद असताना, प्रवाहाच्या विरुद्ध जातो आणि थकल्यावर प्रवाहाच्या साहाय्याने परत येतो. नकळत प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी झुंजत न बसता आडव्या दिशेने, भित्तीच्या कडेकडेने बाहेर पडावे, आणि हात उंच करून मदत मागण्यात संकोच करू नये. एकट्याने कधीही जाऊ नये, हा नियम तर निरपवाद आहे.

ऋतूंचा अंमलही जाणून घ्यावा. डिसेंबर ते एप्रिल या काळात ईशान्येकडून वारे वाहतात, आभाळ निरभ्र असते आणि पाणी काचेसारखे स्वच्छ राहते. मे ते नोव्हेंबरमध्ये नैर्ऋत्येचा मोसमी वारा, तोच जो पुढे आपल्या कोकणावर पाऊस घेऊन येतो, लाटा व गढूळपणा आणतो. परंतु त्या गढूळपणात सूक्ष्म प्लवकांची विपुलता असते, आणि त्या अन्नासाठी मांटा जातीचे प्रचंड पाकट द्वीपसमूहाच्या पूर्व कडेला गोळा होतात. बा वलयातील हनिफारू नावाच्या खाडीत त्यांची जत्राच भरते. ही खाडी २००९ साली संरक्षित झाली, २०११ साली युनेस्कोने सबंध बा वलयास जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला, आणि तेथे पाठीवर टाकी बांधून बुडी मारण्यास मनाई असून केवळ नळीने तरंगणाऱ्यास प्रवेशाची मुभा आहे. तरंगणारा माणूस मोठ्या प्राण्यांना सर्वांत कमी उपद्रव देतो, या तत्त्वास तेथे कायद्याचे बळ मिळाले आहे.

पुळणीपासून आरंभ केला तर प्रथम उथळ निळसर पाण्याचा पट्टा लागतो, ज्याचा तळ नुसता वाळूचा वाटतो. परंतु घाई न करता पाहणाऱ्यास तेथे वाळूच्या रंगाचे पाकट पुरून बसलेले दिसतात, आणि किनाऱ्यालगत पंखांना काळी टोके असलेल्या छोट्या शार्कांची पिल्ले, ज्यांच्या जातभाईंना आपला कोळी ‘मुशी’ म्हणतो, गस्त घालीत असतात. त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. मालदीवने २०१० साली आपल्या सबंध मुलखात शार्कच्या शिकारीवर बंदी घातली. याच उथळ पाण्यात ती कवडी राहते, जी शतकानुशतके या बेटांतून जहाजे भरभरून निघे आणि बंगालच्या बाजारांत नाण्याच्या जागी चाले. इब्न बतूता चौदाव्या शतकात येथे काझीच्या पदावर होता, त्याने त्या व्यापाराचे वर्णन करून ठेवले आहे. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातील माळेमुळे आपणास पूज्य वाटणारी ती कवडी जिवंतपणी एका मऊ ठिपकेदार त्वचेत गुरफटलेली असते, हे पाहून अचंबा वाटतो.

पुढे भित्तीचा माथा येतो आणि रंगांची गर्दी सुरू होते. निळसर अंगाच्या व पिवळ्या पाठपंखाच्या सर्जन माशांचे थवे शेवाळ चरत जातात. जांभळट पायथ्याच्या समुद्रफुलांत मालदीवचा खास विदूषक मासा वावरतो, ज्याच्या कुटुंबात सर्वांत मोठा सभासद मादी असतो आणि ती मेल्यास तिचा नर स्वतःच मादीचे रूप धारण करतो. एखाद्या ठरावीक खडकापाशी मोठमोठे मासे तोंड उघडून स्थिर उभे दिसतात. तेथे अंगावर काळा पट्टा असलेला बोटाएवढा स्वच्छक मासा त्यांच्या कल्ल्यांतून व दातांतून परोपजीवी किडे वेचीत असतो, आणि जे त्याला एका घासात गिळू शकतील ते आपली पाळी येईपर्यंत थांबतात. हिंसा हा निसर्गाचा एकमेव नियम आहे असे मानणाऱ्याने ते दृश्य घटकाभर पाहावे.

माथा संपला की कडा. येथे तळ एकाएकी सुटतो, निळाई गडद होते आणि पहिल्यांदा पोचणाऱ्याच्या पोटात क्षणभर खड्डा पडतो. पण खाऱ्या पाण्याचा आधार तितकाच राहिलेला आहे हे लक्षात येताच त्या भयाचे रूपांतर विस्मयात होते. लाल रंग पाण्यात आधी शोषला जात असल्यामुळे खालचे सारे जग निळे-करडे दिसते. कड्याच्या कपारींत अष्टपाद रंग पालटीत असतो, स्पंज खाणारे चोचदार समुद्री कासव आपल्या गतीने चरत असते, आणि नशीब असेल तर ठिपकेदार पाकटांची जोडी पंख हलवीत निळाईतून येते आणि निळाईतच जाते.

या सर्व वैभवाचा मूळ धनी मात्र अत्यंत क्षुद्र आहे. प्रवाळाचा एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरांचा असून त्याच्या देहात सूक्ष्म शैवाल वस्तीस असते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याचा मोठा भाग यजमानास देते, आणि यजमान त्या बळावर चुनखडीचे घर बांधतो. मोठे गोलाकार प्रवाळ वर्षास सुमारे एक सेंटीमीटर वाढतात, यावरून मीटरभर उंचीच्या प्रवाळाचे वय शतकाच्या घरात भरते. आणि फिनचा एक बेसावध फटका अशा शतकाचे काम निमिषात मोडतो. म्हणून प्रवाळांवर उभे राहू नये, त्यांना धरू नये, माशांना खाऊ घालू नये, कासवाचा पाठलाग करू नये आणि शिंपले वा प्रवाळांचे तुकडे पिशवीत घालून नेऊ नयेत. उन्हापासून संरक्षणासाठी अंगास चोपडावयाच्या मलमांपेक्षा पूर्ण बाह्यांचा घट्ट सदरा बरा. ऑक्सिबेन्झोनसारख्या द्रव्यांनी प्रवाळांना अपाय होतो या कारणास्तव पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून तसल्या मलमांच्या विक्रीवर निर्बंध घातले आहेत. स्वतःच्या रक्षणासाठीही ‘हात लावू नये’ हाच नियम पुरेसा आहे, कारण विषारी काट्यांचा दगडमासा दगडाहून ओळखू येत नाही. त्याचा काटा लागल्यास सोसवेल इतक्या कढत पाण्यात तो अवयव बुडवून तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. टायटन ट्रिगरफिश हा मोठा मासा आपल्या घरट्याच्या वरची सारी हद्द आपली मानतो, तेव्हा तो अंगावर आल्यास वर न जाता आडवे दूर व्हावे.

परंतु पाहुण्यांच्या पायांपेक्षा किती तरी मोठे संकट पाण्याच्या उष्णतेतून येते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जरी काही आठवडे अधिक तापले, तरी प्रवाळ आपल्या देहातील शैवाल बाहेर टाकतात, पांढरेफटक पडतात (यालाच विरंजन म्हणतात) आणि तापमान न उतरल्यास उपासमारीने मरतात. १९९८ साली मालदीवच्या उथळ भित्तींवरील प्रवाळांचा फार मोठा भाग असा नष्ट झाला. भित्ती सावरत असतानाच २०१६ साली दुसरा तडाखा बसला आणि पाहणीतील सुमारे ६० टक्के प्रवाळ विरंजित झालेले आढळले. आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक विरंजन जाहीर केले. मालदीवच्या वब्बिनफारू बेटावर २००४ पासून सागरी प्रयोगशाळा आहे, अनेक बेटांवर लोखंडी सांगाड्यांना प्रवाळांचे तुकडे बांधून नवी रोपवाटिका केली जाते. हे प्रयत्न स्तुत्य आहेत आणि त्यांतून पुष्कळ शिकावयास मिळते, तथापि तापलेल्या समुद्रात लावलेले रोपही तापतेच, त्यामुळे त्यांच्यावर विसंबून मूळ दुखण्याकडे डोळेझाक करणे परवडणारे नाही.

ज्यांना इतक्या दूर जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी मालवण आहे. सिंधुदुर्गाच्या तटाखाली आणि तारकर्लीच्या परिसरात प्रवाळ आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, आणि तारकर्लीस शासनाच्या पर्यटन महामंडळाची बुडी मारण्याचे शिक्षण देणारी संस्थाही आहे. पाणी मालदीवइतके नितळ नाही, प्रवाळांची विविधताही कमी आहे; परंतु नळीने श्वास घेण्याचा पहिला धडा गिरविण्यास आणि आपल्या स्वतःच्या किनाऱ्यालाही भित्तीचे देणे लाभले आहे हे कळण्यास ती जागा उत्तम आहे. तेथील मर्यादित प्रवाळांवर पाय देऊन छायाचित्रे काढणारे पाहुणे थोडे थांबले, तर ते देणे आपल्या नातवंडांपर्यंत पोचेल.

मालदीवला जाणाऱ्याने बेट निवडताना जी चौकशी करावयाची ती खोलीच्या आकाराची न करता भित्तीची प्रथम करावी. पुळणीपासून कडा किती अंतरावर आहे? तेथे जाण्याच्या वाटा किती? सागरी जीवशास्त्रज्ञ नोकरीस आहे काय? सांडपाण्याची व्यवस्था काय? रुंद, उथळ आणि डोळ्यांना भुरळ घालणारे निळे पाणी जेथे आहे तेथे पाण्यावरचे निवास बांधणे सोपे जाते, परंतु तेथे कडा बहुधा फार दूर असतो. उलट विलामेंदू, एल्लायदू, बरोस यांसारख्या बेटांची ख्याती त्यांच्या निकटच्या भित्तीमुळे झाली आहे. असे प्रश्न विचारणारा पाहुणा केवळ स्वतःचे सुख पाहतो असे नाही. हॉटेलचालक पाहुण्याच्या मागणीप्रमाणे खर्चाची तजवीज करतो, हा व्यवहार आहे. पाहुण्यांनी दिव्यांची रोषणाई मागितली तर तो पैसा तिकडे जाईल, आणि भित्तीची निगा मागितली तर तिच्या निगेवर जाईल. धावपट्ट्यांसाठी आणि नव्या बेटांसाठी उथळ पाणी भरून काढण्याचा मोह जेथे सदैव जागा असतो, त्या देशात भित्तीच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येक पैसे मोजणाऱ्या माणसाच्या शब्दास वजन आहे. हे वजन आपण वापरावे, आणि ते वापरण्याचा अधिकार येण्यासाठी एकदा तरी मास्क चढवून, नळी तोंडात धरून, त्या कड्यावर जाऊन यावे. कारण ज्याने भित्ती पाहिली आहे त्याला तिच्यासाठी भांडण्याची कारणे दुसऱ्याकडून उसनी घ्यावी लागत नाहीत.